मुद्गल माळ्यावरून काढा, पण आधी खुर्ची सोडा

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी ४२ वर्षांची आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करते. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, आणि महिन्याच्या ११ व २० तारखेच्या, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या मुदतीच्या आधी रात्री नऊपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसून असते. गेल्या दोन वर्षांत वजन वाढलंय, मान-खांदे आखडतात, जिना उतरताना गुडघे दुखतात. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ५.९ टक्के आली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, हालचाल वाढवा. मिस्टर म्हणतात, हप्त्यावर ट्रेडमिल घेऊ. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते, टेबलाखाली ठेवायची पॅडलची सायकल घे. जिमला जायचा संकोच वाटतो आणि वेळही नाही. रंकाळ्यावर फिरायला सुरुवात केली होती, पाऊस लागला आणि बंद पडलं. घरी माळ्यावर मामंजींच्या मुद्गलांची, म्हणजे व्यायामाला फिरवायच्या जड लाकडी गदांची जोडी आहे, ते तालमीत जायचे. बाईमाणसाने फिरवले तर चालतात का? नेमकं काय घेऊ, काय करू? आणि सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्याही दिवसभर बसूनच असतात. त्यांना यातलं काही जमेल का?
— एक वाचक, फुलेवाडी

ताई, ट्रेडमिलचा हप्ता सध्या तरी सुरू करू नका. मिस्टरांचा हेतू चांगला आहे आणि यंत्रातही काही खोट नाही. रोज तास-सव्वा तास चांगल्या वेगाने चालणाऱ्या माणसाला दिवसभराच्या बसण्याचा फारसा फटका बसत नाही, असं २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर बेतलेल्या अभ्यासात दिसलं आहे. पण तो तास-सव्वा तास तुमच्याकडे आहे कुठे? सकाळी डबे, संध्याकाळी सातला सुटलात की घर गाठून स्वयंपाक. यंत्र फुलेवाडीत असणार आणि तुम्ही दिवसाचे नऊ तास शाहूपुरीत. दुखणं जिथे तयार होतंय तिथेच त्याचा बंदोबस्त करायला हवा, आणि त्यासाठी लागणारं सामान एका कापडी पिशवीत मावतं.

आधी त्या ५.९ बद्दल बोलू. हा आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. या पट्ट्यातल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि वजनात सात टक्के घट हे लक्ष्य ठेवून जो गट वागला, त्याच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. आपल्या भारतीय लोकांवर झालेल्या २००६ सालच्या अभ्यासात ही घट २८ टक्क्यांच्या आसपास होती. आकडा लहान वाटेल, पण त्याच अभ्यासात गोळी दिलेल्या गटालाही जवळपास तेवढाच फायदा झाला होता. म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला जे सांगितलं ते ‘बघू पुढे’ म्हणून टाळणं नव्हतं. तो उपचारच आहे. रिपोर्ट फाइलला लावून विसरू नका.

आता बसण्याने नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं लक्षात राहील. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे. आपण जेवतो तेव्हा रक्तात आलेली साखर उचलायचं मुख्य काम स्नायू करतात, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता साखर आत ओढून घेतो. तुम्ही दीड वाजता डबा खाऊन दोनला पुन्हा खुर्चीत बसता, तेव्हा हे मोठे स्नायू कामावरच नसतात. साखर रक्तात रेंगाळते. पोटऱ्यांचंही तेच. पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटरीचा स्नायू पंपासारखा चालतो, तो बंद पडला की संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायला लागतो.

ऑस्ट्रेलियात २०१२ साली एक साधा प्रयोग झाला. वजन जास्त असलेल्या लोकांना एक दिवस सलग बसवलं आणि एक दिवस दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालायला लावलं. चालण्याच्या दिवशी खाल्ल्यानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी राहिली. दोन मिनिटं, तीही साध्या चालीने. आणि एक जुनी गोष्ट सांगते. लंडनमध्ये दुमजली बस चालवणारे ड्रायव्हर आणि त्याच बसमध्ये वर-खाली जिने चढून तिकिटं फाडणारे कंडक्टर यांची तुलना १९५३ साली प्रसिद्ध झाली. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. बैठं काम आणि हृदय यांचा संबंध जगाने गांभीर्याने घ्यायला सुरुवात केली ती तिथून. कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिने चढत नव्हते, कामच तसं होतं. तुमचं काम तसं नाही, म्हणून त्यात थोडी हालचाल मुद्दाम घालावी लागेल.

तर पहिली गोष्ट, दर अर्ध्या तासाने खुर्ची सोडायची. मोबाइलवर गजर लावा, आवाज नको असेल तर थरथर ठेवा. उठून लांब जायची गरज नाही. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवायचं बंद करा आणि छोटा तांब्या-पेला ठेवा, म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागेल. फोन आला की उभं राहून बोला. चहा टेबलावर मागवू नका, जिना उतरून टपरीवर जा. शाहूपुरीत दर कोपऱ्यावर टपरी आहे, सोबत ती मैत्रीणही येईल. लिफ्ट असेल तर चढताना जिना घ्या. उतरताना मात्र गुडघे दुखत असतील तोवर लिफ्ट वापरली तरी काही बिघडत नाही. जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो, म्हणून तुम्हाला उतरताना दुखतं.

इतक्या बारक्या हालचालींनी काय होणार असं वाटलं तर हे लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नवे निकष दिले, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. पूर्वी निदान सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत अशी अट होती, ती या वेळी काढून टाकली. तीन मिनिटं झपाझप चाललात तर तीही हिशेबात धरायची. पावत्या जुळवणाऱ्या माणसाला हा हिशेब सांगायला नको. त्याच निकषांत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम सांगितला आहे, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त सुटतो. चालणारे लोक रंकाळ्यावर, राजाराम तलावावर, विद्यापीठाच्या आवारात पहाटे भरपूर दिसतात. पण पस्तिशी ओलांडली की स्नायू हळूहळू कमी होत जातात, आणि नुसत्या चालण्याने ते टिकत नाहीत. साखर उचलणारे हातच कमी झाले तर साखर जाणार कुठे?

म्हणून एक वस्तू विकत घ्या: व्यायामाचा रबरी पट्टा, ज्याला दुकानात रेझिस्टन्स बँड किंवा थेराबँड म्हणतात. गोल कडं नको. सपाट, लांब पट्टी घ्या, दीड ते दोन मीटरची. खेळाच्या सामानाच्या किंवा सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. रंगावरून ताण ठरतो, पण प्रत्येक कंपनीचे रंग सारखे असतीलच असं नाही, म्हणून दुकानात ओढून बघा. एकच हालचाल बारा-पंधरा वेळा करता आली आणि शेवटच्या दोन वेळा जोर लावावा लागला, तर तो पट्टा तुमचा. ट्रेडमिलच्या एका हप्त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. पट्टा आणला की त्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, चिकटत नाही. दर आठवड्याला उजेडात ताणून बारीक चिरा पडल्यात का बघा. चीर दिसली की तो फेकायचा, कारण ताणलेला पट्टा तुटला तर थेट तोंडावर येतो. रबराची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेला मागा.

या पट्ट्याचा एक व्यायाम नीट सांगते, कारण तुमच्या मानेचं आणि खांद्यांचं औषध तोच आहे. चाकं नसलेल्या खुर्चीच्या पुढच्या कडेला बसा. एक पाय समोर लांब करा, गुडघा किंचित वाकलेला. पट्टा तळपायाच्या मध्यभागी अडकवा, बोटांवर नको, निसटेल. चप्पल काढू नका. दोन्ही टोकं हाताला एकेक वेढा देऊन धरा. आता पाठ ताठ ठेवून कोपरं बरगड्यांना घासत मागे न्या, इतकी की पाठीवरचे दोन्ही फरे, म्हणजे खांद्यांची पाती, एकमेकांजवळ येतील. खांदे कानाकडे चढू देऊ नका. बहुतेक जण इथेच चुकतात आणि मान आणखी आखडून घेतात. मागे नेऊन ‘एक हजार एक’ म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबा, मग पट्ट्याला झटका न देता सावकाश पुढे या. जाताना श्वास सोडा, येताना घ्या. दहा वेळा झालं की पाय बदलून आणखी दहा. दिवसभर माऊसकडे पुढे झुकलेले खांदे मागे ओढणारे स्नायू हे आहेत, आणि टेबलावरच्या कामात त्यांना कधीच काम मिळत नाही. पंधरा दिवसांत फरक जाणवायला लागेल. दुखणं पूर्ण जायला जास्त वेळ लागतो, धीर धरा.

दुसरं साधन तुमच्याकडे आहेच, ते म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेली प्लॅस्टिकची किंवा लाकडी खुर्ची. भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठा आणि बसा. बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत. कुल्ले मागे न्यायचे आणि गुडघे पावलांच्या दिशेत ठेवायचे, आत वळू द्यायचे नाहीत. सुरुवातीला सहा-सात वेळा पुरे. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी किंवा जाड फाइल ठेवून उंची वाढवा. ही बैठकच आहे, फक्त अर्धी. तालमीतली पूर्ण बैठक तुमच्या गुडघ्यांना आज मारायला लावू नका. मांडीच्या पुढच्या स्नायूला आधी बळ येऊ दे. गुडघेदुखीत लोक हालचाल कमी करतात, मांडी आणखी बारीक होते आणि गुडघ्यावरचा भार वाढतो. हे चक्र उलटं फिरवायला ही खुर्ची पुरते.

संकोचाचं म्हणाल तर तो मला कळतो. चार पुरुष सहकाऱ्यांसमोर पट्टा ओढत बसायला नकोसं वाटणारच. मग टेबलाशी बसल्या बसल्या जे कुणाला दिसत नाही ते करा. टाचा उचलून पंजांवर यायचं आणि सावकाश खाली, वीस वेळा. टेबलाखाली एक पाय सरळ करून मांडी आवळून पाच आकडे धरायचा, मग दुसरा. कुल्ले आवळून सोडायचे. पट्ट्यासाठी जुन्या फायलींची खोली किंवा जेवणाच्या सुट्टीतली रिकामी वेळ बघा, पाच मिनिटं लागतात. आणि साहेबांना सरळ सांगा: ‘सर, डॉक्टरांनी साखरेसाठी अर्ध्या तासाने उठायला सांगितलंय, काम मागे पडणार नाही.’ इतकं सांगितलं की लपवाछपवी राहत नाही. कर सल्लागार स्वतःही दिवसभर बसूनच असतात, त्यांनाही हे ऐकून काही सुचलं तर उत्तमच.

बसायची जागाही एकदा बघून घ्या. तुमची उंची कमी असेल आणि पाय लोंबकळत असतील तर घरातला एक जुना पाट ऑफिसात न्या आणि पायाखाली ठेवा. मांडीच्या खालच्या बाजूवर खुर्चीची कड रुतायची थांबते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, लॅपटॉप असेल तर खाली जाड पुस्तकं ठेवून वेगळा कीबोर्ड जोडा. पण खुर्ची कितीही चांगली असली तरी तिच्यात सलग बसणं वाईटच.

मैत्रिणीने सुचवलेली पॅडलची सायकल. वाईट नाही, पण बऱ्याच टेबलांखाली पॅडल मारताना गुडघा वर आपटतो, चाकांची खुर्ची मागे सरकत जाते, आणि आकडे भरताना पाय फिरवत राहणं सगळ्यांना जमत नाही. घ्यायचीच असेल तर आधी कुणाची तरी आणून दोन दिवस वापरून बघा. घरी टीव्ही बघताना ती जास्त उपयोगी पडेल, विशेषतः पावसात. दोरीवरच्या उड्या मात्र गुडघे शांत होईपर्यंत नकोत. पोट कमी करणारे थरथरणारे पट्टे जाहिरातीत दिसतात, त्यावर एक पैसाही घालवू नका. पोटावरची चरबी पोट हलवून जात नाही.

आता मुद्गल. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला. चालतात का? चालतात, आणि चाळिशीनंतरच्या बाईला त्यांची गरज पुरुषाइतकीच आहे, किंबहुना थोडी जास्त. पाळी जाण्याच्या सुमाराला हाडं झपाट्याने ठिसूळ व्हायला लागतात, आणि हाडांना बळकट राहायला ओझं लागतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी वाढल्या. पण त्या तालमींचे उंबरे बायकांसाठी नव्हते. त्यामुळे मुद्गल, जोर, बैठका हे सगळं घरातल्या पुरुषांचं मानलं गेलं आणि पुढे पुरुषांनीही सोडलं. खुराक तेवढा घराघरांत आला. दुधाच्या कट्ट्यावरचा मोठा पेला आणि तांबडा-पांढरा आपण पैलवानासारखा घेतो, मेहनत मात्र हौदाच्या मातीतच राहिली. आज कागल तालुक्यातल्या मुरगूडला मुली मॅटवर कुस्ती खेळतात. तुम्ही घराच्या गच्चीवर एक मुद्गल फिरवलात तर त्यात नवल वाटायचं कारण नाही.

पण घाई करू नका. मामंजींचे मुद्गल त्यांच्या अंगाच्या मापाचे असणार. आधी वजनकाट्यावर ठेवून बघा. एकेक दोन-तीन किलोच्या आत असेल तर तुमच्या उपयोगाचा, त्याहून जड असेल तर तो अजून काही महिने तसाच राहू द्या आणि दुसरा हलका करून घ्या किंवा विकत घ्या. जुन्या लाकडाला कीड लागलेली असू शकते, मूठ जिथे अंगाला जोडलेली असते तिथे चीर असू शकते. मूठ पिळून बघा, भोकं आणि भुसा दिसतो का बघा. शंका आली तर सुताराला दाखवा. फिरवताना मूठ तुटली तर तो मुद्गल कुठे जाईल सांगता येत नाही.

पहिला महिना मुद्गल नको. एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली घ्या, ती साधारण किलोभर असते. त्याआधी एक तपासणी करा: हात वर करून केसांत मागून कंगवा फिरवता येतो का, आणि पाठीमागे हात नेऊन हुक लावता येतो का? यात खांदा अडकत असेल तर फिरवू नका आणि आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. साखर वाढलेल्यांत खांदा गोठण्याचं प्रमाण जास्त असतं आणि गोठत चाललेल्या खांद्याला झटका दिला तर दुखणं वाढतं.

खांदा मोकळा असेल तर असं करा. पाय खांद्याइतके फाकवून उभ्या राहा. बाटली, आणि पुढच्या महिन्यात मुद्गल, दोन्ही हातांनी मुठीशी धरून छातीसमोर उभा करा, तोंड आभाळाकडे. आता तो उजव्या खांद्यावरून मागे जाऊ द्या. कोपरं वर आभाळाकडे वळतील आणि मुद्गल पाठीमागे लोंबेल. तिथून तो पाठीच्या मागून डावीकडे सरकवत डाव्या खांद्यावरून ओढून पुन्हा छातीसमोर आणा. पुढे आणताना श्वास सोडा. कमरेत मागे वाकायचं नाही, पोट आवळलेलं हवं. मुद्गल मागे पडतो तो स्वतःच्या वजनाने, तुम्ही फक्त त्याला वाट द्यायची आणि परत आणताना बळ लावायचं. एका दिशेने पाच, दुसऱ्या दिशेने पाच, एवढंच. आठवड्यातून दोन दिवस. हाताला घाम आला की पुसून घ्या. खोलीत पंखा, ट्यूबलाइट आणि मुलं या तिन्हींपासून लांब राहा. गच्ची बरी, पावसात जिन्याखालचं पार्किंग. गल्लीत किंवा नात्यात कुणी जुने तालमीतले आजोबा असतील तर त्यांना एकदा बघायला बोलवा. हात धरून दाखवलेलं कागदावर वाचलेल्यापेक्षा लवकर कळतं, आणि त्यांनाही बरं वाटेल.

जेवणानंतरचं चालणं मात्र रोज हवं. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, वेळ जमेल तेव्हा दुपारच्या डब्यानंतरही. खाल्ल्यावर लगेच चालण्याने साखर चढायची तेवढी चढत नाही. रंकाळा बंद पडला म्हणून चालणं बंद पडायचं कारण नाही. कोल्हापूरचा पाऊस जूनला लागतो तो गणपतीपर्यंत पाठ सोडत नाही, तेवढे महिने थांबलात तर वर्षाचा तिसरा हिस्सा गेला. घरातल्या घरात, गॅलरीत, पार्किंगमध्ये चाला. सासूबाई टीव्ही बघत असतील तर त्याच खोलीत येरझाऱ्या घाला. दिवाळीनंतर सकाळी रंकाळ्यावर पुन्हा जा, मिस्टरांनाही घेऊन. त्यांना तुमच्यासाठी काही घ्यायची इच्छा आहे ना? त्यांना सांगा, दोन चांगले बूट घेऊ, एक तुमचा आणि एक माझा.

तारखांचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ११ आणि २० तारखेच्या आधीचे दिवस, जुलै महिना, सप्टेंबरअखेर. या दिवसांत सगळं करायला जाल तर एखाद्या दिवशी मोडेल आणि मग वाटेल, गेलंच सगळं. म्हणून या दिवसांसाठी वेगळं ठरवून ठेवा: अर्ध्या तासाचा गजर सोडायचा नाही, आणि दर वेळी उठल्यावर खुर्चीतून पाच उठबशा. एवढंच. पट्टा, मुद्गल, लांब चालणं सगळं २१ तारखेपासून. दहा दिवसांच्या सुट्टीने ताकद फारशी जात नाही, पण दहा दिवस सलग बसून राहिलात तर मान आणि साखर दोन्ही बिघडतात. रात्री नऊपर्यंत थांबायचं असेल तेव्हा सातच्या सुमाराला वडापाव मागवण्याऐवजी घरून फुटाणे किंवा उकडलेली अंडी न्या.

काही खुणा दिसल्या तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा. कमरेतून पायात गुडघ्याच्या खाली उतरणारी कळ, पायाला बधिरपणा किंवा पाऊल उचलता न येणं, चालताना छातीत दडपण किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप, एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखणं. लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी, सकाळची वाट न बघता. गुडघा सुजत असेल किंवा अडकत असेल तर खुर्चीचा व्यायाम सुरू करण्याआधी दाखवून घ्या.

साखर पुन्हा तीन महिन्यांनी तपासा, त्याआधी नाही. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, पंधरा दिवसांत तपासून उगाच निराश व्हाल. मध्ये काही बघायचंच असेल तर शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांसाठी ९० च्या आत असावी असं धरतात. मिस्टरांचीही मोजा.

आता सासूबाई. त्यांच्यासाठी पट्टा नको, मुद्गल तर मुळीच नको. त्यांना तीच खुर्ची द्या, हात असलेली, भिंतीला टेकलेली. हातांचा आधार घेऊन उठायचं आणि बसायचं, पाच वेळा, दिवसातून दोनदा. जमायला लागलं की एका हाताचा आधार, मग नुसता हात जवळ. या वयात सगळ्यात मोठी भीती पडण्याची असते, आणि मांडीत बळ असलेलं माणूस तोल गेला तरी सावरतं. दुसरं, स्वयंपाकघरातल्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा, चहाचं आधण उकळेपर्यंत. सुरुवातीला तुम्ही जवळ उभ्या राहा. रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि उठल्यावर अंधारी येत असेल तर उठल्यावर लगेच चालू लागू नका म्हणावं, क्षणभर उभं राहून मग पाऊल टाकायचं, आणि अंधारी येते हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं. घरात गुळगुळीत तळाच्या चपला असतील तर काढून टाका, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्या. मालिकेत जाहिराती लागल्या की उठायचं, असं त्यांच्याशी ठरवा. त्या उठल्या की तुम्हीही उठा.